न दिलेला नकार

एका श्रावणात मी गोंदियात खुर्चीवर बसून दरेकशाच्या एका मशीनला असा हुकूम दिला, की त्यानंतर तिनं कुणाचंच ऐकायचं बंद केलं. सगळ्यात आधी माझं. हुकूम एवढासा. आयपीटेबल्स, मग एक आडवी रेघ, मग मोठा एफ. एंटर. या वयात आपला मूर्खपणा कबूल करायची लाज वाटत नाही. चहाबरोबर बिस्किटं ठेवावीत तसे मी माझे मूर्खपणे पाहुण्यांपुढे ठेवते. हा एक मात्र सांगताना चहा गार होतो आणि डोकं तापतं.

यंदाची रोवणी, म्हणजे धानाची लावणी, लागली आहे. आमच्या घरामागच्या रस्त्यानं सकाळी ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या बायांनी भरून जातात. पाठीला प्लास्टिकचं कापड, हातात डब्याची पिशवी, आणि सगळ्या एकाच वेळी बोलून राहिलेल्या. रस्त्याच्या कडेला कुणाच्या तरी पेंढीतून गळालेले पोपटी पऱ्हे, धानाची कोवळी रोपं, पडलेले असतात. उपटलेल्या पऱ्ह्यांना एक वास असतो, चिखलाचा आणि कच्च्या हिरवळीचा. लोकांना तो वास आला की नव्या तांदळाचा भात आठवतो. मला राग येतो.

परवा माझी नात रेवा टॅब घेऊन आली. "आजी, हे फिरूनच राहिलं. खुलून नाही राहिलं." पडद्यावर ते गोल चक्र, आपल्याच शेपटीमागे लागल्यासारखं.

"बंद कर ते," मी म्हटलं. "जे हो म्हणत नाही आणि नाहीही म्हणत नाही, त्याच्यासमोर बसायचं नाही."

"आजी, कार्टून आहे ते. तू काऊन एवढी चिडते?"

काऊन ते लिहून ठेवते. मोठी झाली की वाचेल.

तेव्हा मी पन्नाशीला टेकले होते, म्हणजे अक्कल यायला काही हरकत नव्हती. एका शिक्षण संस्थेत कॉम्प्युटर शिकवायचे. संस्थेचं कॉलेज गोंदियात, आणि दरेकशाला, जंगल जिथं रुळांपर्यंत खाली उतरतं तिथं, मुलींचं वसतिगृह. वसतिगृहाच्या गच्चीवर एक मोठी डिश बसवली होती. तिच्यातून इंटरनेट यायचं, तेही थेंब-थेंब. डिश आणि मुलींच्या हॉलमधले कॉम्प्युटर यांच्यामध्ये एक मशीन, आणि त्या मशीनमध्ये फायरवॉल. इंटरनेटवरचं सगळं येणं-जाणं बारक्या बारक्या पाकिटांतून होतं. प्रत्येक पाकिटावर ते कुठून निघालं आणि कुठे चाललं ते लिहिलेलं असतं. फायरवॉल ते वाचते आणि नियमांच्या यादीवर वरून खाली बोट फिरवते. जो नियम पहिला लागू पडेल तो खरा. ह्याला जाऊ दे, त्याला अडव.

ती यादी माझी. माऊस नाही, चित्रं नाहीत; काळा पडदा, पांढरी अक्षरं आणि कडक इस्त्रीच्या कॉटन साडीतली मी. गोंदियात मी एक अक्षर दाबलं की ते आकाशात जाऊन दरेकशाला उतरायचं आणि परत येऊन माझ्या पडद्यावर उमटायचं. तेवढ्या वेळात मी चष्मा पुसून घ्यायचे. काय तो रुबाब. रोवणीच्या दिवसांत आमच्या सासरच्या सगळ्या बाया बांधीत, धानाच्या वाफ्यात, उतरायच्या, आणि माझ्याबद्दल सासू म्हणायची, "तिले नका सांगू, तिले मशीन पाहा लागते." चिखलात उतरायला लागू नये म्हणून मी मशीन जरा जास्तच पाहायचे, हेही इथं लिहून टाकते. आता सासू नाही, कोण विचारणार.

अडवायच्या दोन रीती असतात. एक रिजेक्ट. पाकीट अडवायचं आणि पाठवणाऱ्याला त्याच क्षणी कळवायचं की जमणार नाही. दुसरी ड्रॉप. पाकीट उचलायचं, फेकून द्यायचं आणि गप्प बसायचं. पाठवणारा वाट पाहत राहतो. आपल्याला अडवलं हेच त्याला कळत नाही. त्याला वाटतं, येईल. नेट हळू आहे. आभाळ भरलं आहे. आपलंच काही चुकलं असेल. बाहेरून कुलूप हलवून पाहणाऱ्या चोरासाठी ही रीत ठीक आहे. घरात कोण आहे, कोण नाही, हे चोराला कायले सांगायचं. पण आमच्या संस्थेच्या अध्यक्षांना, सगळे ज्यांना भाऊसाहेब म्हणत, ती रीत घरातल्यांसाठी हवी होती.

"मॅडम," त्यांनी मला केबिनमध्ये बोलावून सांगितलं, "पोरी तिथं चॅटिंग करून राहिल्या म्हणते. कल को कुछ हो गया तो? बंद करा."

"सर, अभ्यासाच्या साइट चालू ठेवू ना?"

"दोन-चार ठेवा. बाकी सब बंद. और पूछे तो जवाब ही नहीं देना. जवाब दिला का पोरी बहस करतात."

"तशी सोय आहे सर," मी म्हटलं, आणि हे म्हणताना माझी मान उंच झाली होती. "त्याला ड्रॉप म्हणतात."

ते खूश झाले. त्यांनी सुपारीचा डबा पुढे केला. मी सुपारी घेतली. खाल्लीसुद्धा.

भाऊसाहेब स्वतः तसेच होते, हे मला कळायला हवं होतं. फी माफीचा अर्ज घेऊन कुणाची आई आली की ते तिला नाही म्हणत नसत. ते पंख्याकडे पाहत. बाई उभी, पंखा फिरतो आहे, भाऊसाहेब पाहत आहेत. शेवटी ती पदर सावरत निघून जायची आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा यायची, कारण नाही कुणी म्हटलंच नव्हतं. त्या पंख्याचं मी मशीनमध्ये रूपांतर करून दिलं. हॉलमधल्या मुलींना मी चोरांच्या रांगेत बसवलं, आणि सगळ्या यादीच्या तळाशी, पायासारखा, एक कायमचा हुकूम घालून ठेवला: कुठलाच नियम लागू पडत नसेल तर ड्रॉप.

हॉलमध्ये एक इमला होती. दरेकशाच्या पलीकडच्या एका टोल्यावरची, पाड्यावरची, बारावी झालेली, वसतिगृहातले शेवटचेच काही दिवस उरलेली. नर्सिंगला जायचं हे तिनं इतकं पक्कं केलं होतं की लहान मुलींच्या फुटलेल्या गुडघ्यांवर ती आत्तापासून रुबाब करायची. कॉम्प्युटर बंद करताना ती की-बोर्डला हात लावून तो कपाळाला लावायची. मी हसायचे. "अगं, त्यात देव नाही, धूळ आहे." ती म्हणायची, "असू द्या ना मॅडम, धुळीले काय बोलता."

त्या वर्षी नर्सिंगचा फॉर्म पहिल्यांदाच इंटरनेटवर भरायचा होता. गोंदियाच्या सायबर कॅफेत पाच-दहा रुपयांत तो कुणीही भरून यायचं. शेवटच्या तारखेच्या आदल्या दिवशी देवकाबाईंचा फोन आला. देवकाबाई वसतिगृहाच्या रेक्टर. "मॅडम, इमलाची ते नर्सिंगची साइट खुलून नाही राहिली. दोन-तीन दिस झाले, पोरगी बसून राहिली. उद्या पाच वाजेपर्यंत आखरी हाय म्हणते."

"नेट हळू असेल," मी म्हटलं. नियम माझे, भिंत माझी, आणि मी म्हणते नेट हळू असेल.

"तुमीच पाहा ना एकडाव."

"उद्या सकाळी इथूनच उघडून देते. तिला सांगा, सकाळपासून बसून राहा."

सांगताना आवाजात केवढं औदार्य होतं. जणू मी इटियाडोह धरणाचं पाणी सोडणार होते.

सकाळी मी नियम लिहिला. नर्सिंगच्या साइटला जाऊ दे. लिहिला तो यादीच्या शेवटी, आणि त्याच्या आधीच उभा होता माझाच जुना नियम, हॉलमधून आलेलं बाकी सगळं अडव. बोट वरून खाली येतं. ते त्या जुन्या नियमापाशीच थांबायचं, नव्यापर्यंत पोचायचंच नाही. नवा नियम वर घालायचा होता, इतकंच. पण मला माझ्याच यादीचा राग आला. किती गिचमिड, म्हटलं. सगळी पुसून टाकू, दारं उघडी होतील, मग एकेक नियम सुवाच्य अक्षरात लावत जाऊ. आडवी रेघ, मोठा एफ, एंटर.

यादी पुसली गेली. तिच्यात मला आत घेण्याचा नियमही होता. तळाचा तो कायमचा हुकूम मात्र यादीबरोबर पुसला जात नाही. म्हणजे मी पहारेकऱ्याच्या हातातला कागद फाडला, पण पहारेकरी तिथंच उभा. आणि त्याला एकच गोष्ट शिकवलेली, की ओळख पटली नाही तर आत घेऊ नको आणि तोंडही उघडू नको. आता त्याला कुणाचीच ओळख पटेना. शिकवणारीची तर नाहीच.

मी अक्षर दाबलं, उमटलं नाही. चष्मा पुसला. पुन्हा दाबलं. "आभाळ भरलं असेल तिकडे," मी मोठ्यानं म्हटलं. खोलीत कुणी नव्हतं, तरी थाप मारली.

वसतिगृहात फोन केला. वाजत राहिला. मोबाइलचा टॉवर तेव्हा दरेकशाला पोचला नव्हता. मला फक्त कुणी तरी हवं होतं जे त्या मशीनचं बटन एकदा बंद करून चालू करील; चालू होताना तिनं साठवलेली जुनी यादी आपसूक वाचली असती आणि मला आत घेतलं असतं. रोज तासन् तास वीज जायच्या दिवसांत एवढं तरी व्हावं की नाही? वीज त्या दिवशीही गेली. पण संस्थेनं त्याच वर्षी भली मोठी बॅटरी घेऊन ठेवली होती. ती बॅटरी दिवसभर इमानानं चालली. आमच्या संस्थेत तेवढी एकच वस्तू वेळेवर काम करायची, आणि तिनंही नेमका तोच दिवस निवडला.

मी डोंगरगडकडे जाणारी पॅसेंजर पकडली. दरेकशाच्या अलीकडे, सालेकशाला, आमची गाडी मालगाडीसाठी उभी करून ठेवली. पलीकडच्या फलाटावर दरेकशाहून गोंदियाला जाणारी दुपारची पॅसेंजर येऊन थांबली. रोवणीच्या दिवसांत कोण गावाला जातं. डबे रिकामे होते. समोरच्या खिडकीत एक म्हातारी एकटीच बसून फुटाणे खात होती, शेजारची सगळी बाकं मोकळी. मी घड्याळ पाहून रेल्वेला शिव्या घालत होते. ती गाडी निघून गेली, तिच्याकडे मी नीट पाहिलंही नाही.

दरेकशाला उतरले तेव्हा डोंगरावरून धुकं खाली आलं होतं. हॉलमध्ये इमला एकटीच होती. पडद्यासमोर पाठ ताठ करून, दोन्ही हात मांडीवर. परीक्षेला बसल्यासारखी.

"येऊन राहिलं वाटते मॅडम," ती म्हणाली. "फिरून राहिलं पाहा." आणि मग, "आफिसातला फोन लय वाजला. कुलूप होतं, नाही त उचलला असता."

तो मी केला होता. मशीन ऑफिसात, फोन ऑफिसात, ऑफिसाला कुलूप, आणि भिंतीच्या अलीकडे ही मुलगी तो वाजताना ऐकत बसलेली.

किल्ली देवकाबाईंकडे, आणि देवकाबाई त्यांच्या बांधीत. कुणाची चूक म्हणू? रोवणीच्या दिवसांत आमच्याकडे तलाठी नसतो, शिपाई नसतो, गुरुजी नसतात. सगळा जिल्हा वाकून चिखलात उभा असतो. शहरातून आलेल्या माणसाला वाटतं गाव ओस पडलं. ते ओस पडलेलं नसतं, ते मागे मागे सरकत धान लावत असतं.

मी धुऱ्यावरून, शेताच्या बांधावरून, निघाले. एका बांधीत बाया ओळीनं वाकलेल्या होत्या. मी जवळ गेले तशा त्या उठून उभ्या राहिल्या आणि दोघीजणी धुऱ्यावर चढून वाटेत आडव्या झाल्या.

"थांबा वो बाई. आमच्या धुऱ्यावरून जाणाऱ्यानं एक पेंढी रोवल्याबिगर जायचं नाही."

"मला घाई आहे हो. एका मुलीचा फॉर्म आहे."

"घाई आमालेही हाय. पऱ्हे वाळून राहिले. उतरा."

"ते सँडल काढा आधी," दुसरी म्हणाली, "नाही त ते येथंच पीक देतीन."

बाया हसल्या. मी उतरले. पोटरीपर्यंत गार चिखल, वर कॉटनची साडी खोचलेली, हातात पऱ्हे. जन्मभर ज्या चिखलाला चुकवलं त्यानं मला शेवटी गाठलंच. मी रोवत होते आणि दातओठ खात होते. "मॅडमनं धान नाही लावलं, खुंट गाडला," एक म्हणाली. पेंढी संपली तशी त्यांनी वाट सोडली, वर हात देऊन धुऱ्यावर ओढून घेतलं आणि देवकाबाई कोणत्या बांधीत आहेत तेही दाखवलं.

त्यांचा राग मला तेव्हा आला. अडाणी रिवाज, म्हटलं मनात. आज मी त्या दोघींना खुर्ची द्यायला तयार आहे, भाऊसाहेबांची. अडवलं त्यांनीही. पण समोर उभं राहून अडवलं, काऊन अडवलं ते सांगितलं, आणि काय केलं म्हणजे सोडू तेही सांगितलं. आमच्या सबंध संस्थेत इतकं कुणाला जमलं नव्हतं. मला तर नाहीच, आणि माझ्याकडे त्याचं प्रमाणपत्र होतं.

देवकाबाईंनी चिखलाच्या हातानं पदराची गाठ सोडून किल्ली दिली. "मी तिले सांगून आली होती, मॅडम खोलून देणार हाय, बस म्हणून," त्या म्हणाल्या. त्यात टोमणा नव्हता. असता तर बरं झालं असतं.

ऑफिस उघडलं. बटन बंद केलं, चालू केलं. झालं. एवढ्यासाठी मी शिकले होते. जुनी यादी परत आली, नवा नियम सगळ्यात वर घातला, हॉलमध्ये चक्र थांबलं आणि पान उघडलं. पानावर लिहिलं होतं, मुदत संपली. त्या पानाचं मला कौतुक वाटलं. निदान बोललं.

त्यानंतरच्या दिवसांत मी प्रवेशाच्या कचेरीत फोन लावत राहिले. तो वाजत राहायचा. अर्ज पाठवला, कारणासह, चूक आमची आहे असं लिहून. उत्तर आलं नाही. भाऊसाहेबांकडे गेले. म्हटलं, सर, संस्थेतर्फे एक पत्र द्या, मुलीचं वर्ष जाईल. त्यांनी पंख्याकडे पाहिलं. मी उभी, आणि पंखा फिरतो आहे. तेव्हा मला कळलं की पाकीट होऊन पडल्यावर कसं वाटतं. तुम्हाला कुणी ढकलत नाही, कुणी शिवी देत नाही. तुम्ही आलाच नव्हता असं ठरवलं जातं.

त्या आठवड्यात मी हॉलसाठीचे सगळे ड्रॉप काढून रिजेक्ट घातले. कुणाला विचारलं नाही. अडवलेल्या साइटवर गेलं की मुलींना क्षणात नकार यायचा, आणि मुली येऊन माझ्याशी बहस करायच्या. खूप करायच्या. अर्ध्या वेळा जिंकायच्या. भाऊसाहेबांना हे शेवटपर्यंत कळलं नाही. पंख्याकडे पाहणाऱ्या माणसापासून काही लपवावं लागत नाही. आणि यादीला हात लावण्याआधी मी मशीनला सांगून ठेवू लागले, की थोड्या वेळात मी परत बोलले नाही तर जुनी यादी आपली आपण लाव, मी मूर्खपणा केला आहे असं समज.

आता निवृत्त आहे, पण घरच्या इंटरनेटवर अजून माझंच राज्य आहे. जेवायला बसलं की मी मुलाच्या फोनची वाट अडवते. तो ओरडतो, "आई, आत्ताच बंद झालं." मी म्हणते, "हो, मीच केलं. भात वाढ." आमच्या घरात भांडणं खूप होतात, पण कुणी कुणाची वाट पाहत चक्रासमोर बसून राहत नाही.

इमलाला पुढच्या वर्षी प्रवेश मिळाला. आज ती एका दवाखान्यात नर्स आहे, आणि ऐकते ते असं, की तिच्या वॉर्डात डॉक्टरही दबून असतात. हे सांगितलं की लोक म्हणतात, चला, शेवट गोड झाला. मला त्या लोकांना एकेक पेंढी रोवायला लावावीशी वाटते. मधलं वर्ष तिनं लोकांच्या बांधीत पऱ्हे लावले, उन्हाळ्यात बिडीची तेंदूपानं तोडली, आणि धाकटीच्या शिक्षणाचं तिच्या शिक्षणाच्या आधी पाहावं की नंतर, यावर घरात रोज चर्चा ऐकली. तिनं ते वर्ष मला दिलं नव्हतं. मी घेतलं. एका सुपारीवर घेतलं.

त्या संध्याकाळी, मुदत संपल्याचं पान समोर असताना, मी तिच्या शेजारी बसले. पायाला चिखल वाळून ताणत होता. नेट हळू होतं असं म्हणायची सवय जिभेवर आली होती, ती गिळली. म्हटलं, "इमला, नेटला काही झालं नव्हतं. ती साइट बंदच होती, पहिल्या दिवसापासून. मीच बंद केलेली. तुला कळू नये अशी बंद केलेली."

ती रडली नाही.  तिनं कॉम्प्युटर बंद केला, नेहमीसारखा की-बोर्डला हात लावला, तो कपाळाला लावला, आणि म्हणाली, "मॅडम, नाही म्हणून एकडाव सांगतलं असतं ना, त मी दुपारच्या गाडीनं गोंदियाले चालली गेली असती."